पुढच्या खोलीतला डाग

मेसा, ॲरिझोना
११ एप्रिल १९९४

प्रिय आर्डिस,

तू बरी असशीलच. आजारी असलीस तरी 'बरी आहे' असंच लिहिणार, म्हणून विचारत बसत नाही.

मुद्द्यावर येतो. इथे ॲरिझोनात लोक मुद्द्यावर येतात. आईच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवताना मी तुला सरळ विचारलं होतं, "घर तुला ठेवायचंय का?" तू म्हणालीस, "छे छे, एवढ्या घराचं मी एकटी काय करू!" मी उठून कॉफी घेऊन आलो आणि पुन्हा विचारलं. तू म्हणालीस, "नको रे, उगाच तुमचं अडायचं." दोनदा विचारलं, दोनदा नको. प्रश्न मिटला. आता घर विकायचं, निम्मं तुझं, निम्मं माझं. डार्लीनने तर त्या पैशांतून इथे आमच्या मागच्या अंगणात बांधायच्या पोहण्याच्या तलावासाठी दोरी लावून जागासुद्धा आखली आहे.

तुमच्या गावातली टिफनी नावाची एजंट मी फोनवर ठरवली. पोरगी तडफदार आहे. ती घर बाहेरून आणि खिडकीतून बघून आली. म्हणते, घर छान आहे, पण पुढच्या खोलीतल्या कार्पेटवर खिडकीपाशी भला मोठा डाग आहे, तो आधी काढा. गिऱ्हाईक दारातून आत आलं की पहिल्यांदा खाली बघतं. तसं पेपरातही आलंय, कात्रण सोबत जोडलं आहे.

मला एक कळत नाही. त्या खोलीत आईने आपल्याला कधी पाऊल टाकू दिलं नाही. पास्टर आले तरच दार उघडायचं, आणि पास्टरसुद्धा प्लॅस्टिकच्या पट्टीवरून तोल सांभाळत सोफ्यापर्यंत जायचे. मग डाग पडला कुठून?

किराणा दुकानात कार्पेट धुण्याचं यंत्र भाड्याने मिळतं. ते आण. मेमध्ये विक्रीची पाटी लावू.

तुझा,
ड्वेन


एल्क प्रेअरी, मिनेसोटा
१९ एप्रिल

प्रिय ड्वेन,

पत्र मिळालं. मी बरी आहे.

परवा अजून बर्फ पडला. तक्रार नाही, जमिनीला ओल लागतेच. तुमच्याकडे ऊन असेल. तेही बरंच आहे म्हणायचं.

टिफनी येऊन गेली. बूट न काढता आली, पण बूट स्वच्छ होते. मी तिला कॉफी विचारली, तर ती पहिल्याच वेळी 'हो' म्हणाली! मी अजून कपाटापर्यंत पोचलेही नव्हते. आपल्या नॉर्वेजियन लोकांत माणूस एकदा नको म्हणतो, दुसऱ्यांदाही नको म्हणतो, आणि तिसऱ्यांदा म्हणतो, "बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप." आणि मग तीन कप पितो. ही एकदम "हो, दूध घालून." मी गडबडले आणि साखरेऐवजी मीठ पुढे केलं. मुद्दाम नाही. तिच्या आईची आई स्वीडिश होती म्हणे, पण पुढे लग्नं बाहेर झाली.

तिने घरभर फिरून वहीत बरंच लिहून घेतलं. माझ्या खोलीला 'शिवणाची खोली' म्हणाली. मी म्हटलं, मी तिथे झोपते. ती म्हणाली, "आत्तापर्यंत."

यंत्र आणलं. समोरच्या एल्व्हेराच्या नवऱ्याने पोचवलं. आवाज मळणीयंत्रासारखा आहे, पण डाग निघाला. आईने बहात्तर साली हे कार्पेट घातलं तेव्हा जसा सोनेरी रंग होता, तसाच पुन्हा दिसायला लागला. तेव्हा आई म्हणाली होती, ज्यांना कार्पेट परवडत नाही त्यांच्या घरी लाकडी जमीन असते. तू म्हणतोस तसं मेमध्ये पाटी लावता येईल. माझी काही हरकत नाही.

तुझी,
आर्डिस

ता. क. आज सकाळी उठून पाहिलं, तर डाग परत आला आहे. मी काही केलं नाही. आपणहूनच आला.


मेसा
२ मे

प्रिय आर्डिस,

घाबरू नकोस, भूत नाही ते. मी इथल्या दुकानदाराला विचारलं. डाग कार्पेटच्या खाली स्पंजच्या थरात मुरलेला असतो. वरून ओलं केलं की वाळताना खालचा मळ धाग्यांतून वर चढतो. उपाय असा: व्हिनेगर आणि पाणी शिंपडायचं, वर जुने टॉवेल घालायचे, टॉवेलांवर जड वजन ठेवायचं आणि ते नीट वाळेपर्यंत हलवायचं नाही. यंत्र पुन्हा आणू नकोस, तू त्याने पाणीच पाणी केलं असशील.

टिफनीबद्दल म्हणशील तर मला तिचं वागणं आवडलं. इकडे सगळे तसेच. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. केवढा वेळ वाचतो! मी तिकडे होतो तेव्हा अर्धं आयुष्य लोकांना केक घ्या, केक घ्या म्हणण्यात गेलं. डार्लीन टेक्सासची, तिला तर हे कळतच नाही. लग्न झाल्यावर पहिल्यांदा आपल्या घरी आली तेव्हा तिने लाजून तिन्ही वेळा 'नको' म्हटलं, आईने ताट उचललं. बिचारी उपाशी झोपली, आठवतं? मी आता त्यातून सुटलो.

तुझ्या राहण्याचंही मी बघितलंय. बँकेच्या वरच्या मजल्यावर म्हाताऱ्यांसाठी छोटे फ्लॅट काढलेत म्हणे. टिफनीची ओळख आहे. जिना नाही, बाग नाही, बर्फ काढायला नको. तुला चौसष्टाव्या वर्षी आणखी काय हवं?

वजन मात्र भरपूर ठेव.

ड्वेन


एल्क प्रेअरी
१७ मे

प्रिय ड्वेन,

बँकेच्या वरच्या फ्लॅटबद्दल आभार. तू किती विचार करतोस. मी जाऊन पाहून आले. छान आहे. खिडकी आहे. ती बँकेच्या मागच्या भिंतीकडे उघडते, आणि भिंतही चांगली रंगवलेली आहे.

टॉवेल आणि व्हिनेगर केलं. वजनासाठी घरात काही सापडेना, म्हणून चर्चमधून जुनी भजनांची पुस्तकं आणली. पास्टर म्हणाले, कशाला हवीत? मी म्हटलं, डाग जायला. ते म्हणाले, शेवटी त्याचसाठी असतात ती. पुस्तकं आणायला आणि नंतर न्यायला चर्चच्या महिला मंडळातल्या बायका आल्या. आल्या म्हणून मी त्यांना आत बोलावलं. पुढच्या खोलीत, म्हणजे डाग तिथेच आहे ना.

तुला काय सांगू, एल्व्हेरा आपल्या दारासमोर चाळीस वर्षं राहते आणि ती खोली तिने पहिल्यांदा आतून पाहिली. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "नको बाई, इथूनच बघते." मी तीनदा म्हटलं, तेव्हा आली. मग सगळ्या जणी डागाभोवती उभ्या राहून बराच वेळ बोलत होत्या. एक म्हणाली मीठ, एक म्हणाली दाढीचा फेस, एक म्हणाली प्रार्थना. मग बसल्या.

व्हिनेगरने डाग बऱ्यापैकी गेला, हे तुला कळवायला हवं. टिफनी बघून खूश झाली. म्हणाली, शुक्रवारी फोटोवाला आणते.

पण गुरुवारी माझ्या हातून बीट सांडलं. लोणच्यातलं. मी बरणी घेऊन पुढच्या खोलीत का गेले ते मलाही सांगता येणार नाही. बहुधा उजेडात झाकण उघडायला. बीटचा डाग किती पसरतो, मला कल्पनाच नव्हती. खोली फार मोठी नाही, त्यामुळे तो दिसतो.

मी बरी आहे.

आर्डिस


मेसा
६ जून

आर्डिस,

बीट? तू शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं पाचशे पोरांना वाढलंस. तुझ्या हातून वाटाणा पडलेला कुणी पाहिला नाही. आणि आता बीटची बरणी, ती नेमकी फोटोच्या आदल्या दिवशी, आणि नेमकी त्याच खोलीत?

वय झालं तुझं, दुसरं काय. तुला एकटं ठेवणंच चूक आहे. बँकेवरच्या फ्लॅटमध्ये निदान जमीन धुता येण्यासारखी आहे.

आता तू हात लावू नकोस. मी फोनवरून बाहेरगावची माणसं ठरवलीत, गाडी घेऊन येतात, वाफेवर धुतात. तू फक्त दार उघड आणि बाजूला हो. त्यांना कॉफी, केक, काही देऊ नकोस. काम करायला येतायत ती.

इथे तलावाचा खड्डा खणून झाला. डार्लीन रोज काठावर खुर्ची टाकून बसते आणि आत बघते.

ड्वेन


एल्क प्रेअरी
२८ जून

प्रिय ड्वेन,

तू ठरवलेली माणसं आली. दोघंही फार चांगली. एकाची आई डेकोराच्या नॉर्वेजियन वस्तीतली, त्यामुळे तो कॉफीला दोनदा नको म्हणाला. इतकं बरं वाटलं! तू देऊ नकोस म्हणाला होतास ते माझ्या ध्यानात होतं, पण गाडीचं पाणी तापेस्तोवर माणसाने काय करायचं? दोघांनी अख्खा लिंबाचा केक संपवला आणि एल्व्हेराचा पंखाही दुरुस्त करून दिला.

कार्पेट स्वच्छ झालं. तू पाहायला हवं होतंस. बीट गेलं, आणि खिडकीपाशीचा जुना डागही जवळजवळ गेला. ते दोघं फार अभिमानाने बघत होते. मीही त्यांना छान झालं म्हटलं. ते गेल्यावर मी जरा वेळ खिडकीपाशी उभी राहिले. खोली अगदी कोणीच नसल्यासारखी दिसत होती.

तीन-चार दिवसांनी खिडकीपाशीचा डाग परत वर आला. फिका, पण आला. मग कुठे मला नीट जेवण गेलं.

मंडळातल्या बायका आता दर मंगळवारी इथेच जमतात. चर्चच्या तळघरात ओल फार, आणि शिवाय इथे कार्पेटला आधीच डाग असल्यामुळे कोणी भीत नाही. गेल्या मंगळवारी एल्व्हेरा हसता हसता सोफ्यावरून घसरून खाली बसली आणि तिथेच बसून राहिली. आईच्या खोलीत! जमिनीवर! मी वर बघितलं, छत काही पडलं नाही.

वाईट एवढंच, की ओव्हनमधून नुकतीच काढलेली मशरूमच्या सूपातली हॉटडिश, सबंध, भांड्यासकट उलटली. कोणाच्या हातून ते आम्ही कोणी सांगणार नाही, मंडळात तसं ठरलं आहे.

आर्डिस


मेसा
११ जुलै

आर्डिस,

वाफवाल्यांना मी पैसे मोजतो, तू त्यांना केक मोजतेस, आणि मंडळ वर हॉटडिश ओततं. मी हात टेकले.

टिफनीशी बोललो. आता डाग असो नसो, शनिवारी, २३ तारखेला घर सगळ्यांसाठी उघडायचं. ज्याला बघायचं त्याने येऊन बघावं. डागावर एखादी सतरंजी टाक आणि तिच्यावर आईची झुलती खुर्ची ठेव. टिफनीने सांगितलंय, सकाळी घरात काहीतरी शिजत ठेवा. शिजण्याचा वास आला की माणसाला घर आपलंसं वाटतं आणि तो सही करतो. हे शास्त्र आहे, कात्रण जोडलंय. तुला दुसरं काही जमलं नाही तरी स्वयंपाक जमतो. तेवढं कर.

आणि त्या दिवशी तू घरात थांबू नकोस. एल्व्हेराकडे जाऊन बस.

ड्वेन


एल्क प्रेअरी
२६ जुलै

प्रिय ड्वेन,

टिफनीने फोन केला असेलच. माझी बाजू सांगते.

वास यायला हवा असं तू लिहिलं होतंस, म्हणून मी लुटफिस्क शिजवलं. सुकवलेला कॉड, आठवडाभर क्षाराच्या पाण्यात भिजवून, मग उकळून, आपल्या वडिलांना आवडायचा तसा. माझ्या मते याहून घरचा वास दुसरा नाही. उकाडा होता हे खरं. त्या दिवशी वाराही नव्हता. टिफनी स्वयंपाकघरात आली, डोळे पुसत बाहेर गेली आणि पाटीजवळच उभी राहिली. पहिली तीन कुटुंबं अंगणातूनच घर छान आहे म्हणून निघून गेली. शेजारच्या कुत्र्याने दुपारपर्यंत तोंड दाखवलं नाही.

सतरंजी सापडली नाही.

मग मिनीॲपोलिसहून एक तरुण जोडपं आलं. त्याचे केस मागे बांधलेले, तिचे कापलेले. आत आली आणि तिने दीर्घ श्वास घेतला! म्हणाली, "अय्या, माझ्या आजोबांकडे नाताळात असाच वास यायचा!" तिचं आडनाव हाल्वर्सन निघालं, म्हणजे नॉर्वेकडचंच. काय करणार.

मी त्यांना डाग दाखवले. लपवाछपवी नको म्हणून बीटचा कुठे होता तेही दाखवलं, हॉटडिशचाही, आणि खिडकीपाशीचा जुना. सगळं समजावून सांगितलं, की हे धुतलं तरी परत येतं, कायमचं आहे. मुलाने वाकून कोपऱ्यातलं कार्पेट उचकटलं आणि खाली बघून ओरडलाच. खाली मेपलची जमीन आहे ना, वडिलांनी घातलेली. दोघं गुडघ्यांवर बसून तिला हात लावत होती. तो म्हणाला, "आजी, कार्पेटची काळजीच सोडा. आम्ही पहिल्याच दिवशी हे सगळं फाडून टाकणार."

म्हणजे तुला काळजी नको. डागांचं आता कोणाला काहीच नाही.

टिफनीने संध्याकाळी कागद आणून दिले. मुलं भली आहेत. मी त्यांना लुटफिस्क वाढलं. दोनदा नको म्हणाली.

आर्डिस


मेसा
४ ऑगस्ट

प्रिय, प्रिय आर्डिस!

बघ! बघ मी म्हटलं नव्हतं, शिजण्याचा वास! तुला उगाच रागे भरलो. डार्लीनने तुझ्या नावाने ग्लास उंचावला. आता खड्ड्याला निळ्या फरश्या बसतील.

कागदांवर तू सही करून मला पाठव, मग मी करतो, झालं. ती मुलं ऑक्टोबरात राहायला येणार म्हणतात. बँकेवरचा फ्लॅट टिफनीने धरून ठेवलाय. तुझं सामान थोडंच, एका फेरीत जाईल. शेवट गोड झाला. तुलाही मोकळं वाटत असेल.

ड्वेन


एल्क प्रेअरी
१९ ऑगस्ट

प्रिय ड्वेन,

कागद सोबत आहेत. जिथे जिथे खूण केली होती तिथे सही केली आहे.

हो, मोकळं वाटतं.

सामान बांधते आहे. आईची झुलती खुर्ची फ्लॅटच्या दारातून जात नाही, ती एल्व्हेराकडे ठेवीन. मंगळवारच्या बायका विचारत होत्या आता कुठे बसायचं. मी म्हटलं, तळघर आहेच. एल्व्हेरा म्हणाली, "हो, तळघर आहेच," आणि कप गोळा करायला लागली. फ्लॅटमध्ये दोन खुर्च्या मावतील. टिफनी म्हणते, दोन पुष्कळ झाल्या.

तू एप्रिलमध्ये विचारलं होतंस, तो खिडकीपाशीचा डाग कुठून आला. उत्तर द्यायचं राहिलं. आता कार्पेटच जाणार, तर सांगून टाकते.

आईला शेवटच्या हिवाळ्यात जिना चढवेना, म्हणून तिचा पलंग मी पुढच्या खोलीत आणला. दुसरी जागा नव्हती. तिने आधी फार विरोध केला, कार्पेटवर पलंगाच्या पायांचे वळ पडतील म्हणून. मग पडल्या पडल्या खिडकीतून रस्ता दिसायला लागला तेव्हा वळांचं विसरली. एकदा सकाळी मी कॉफी दिली. तिच्या हाताला कंप होता, तुला माहीत आहे. सबंध कप खाली गेला. मी फडकं आणायला धावले, माझी पाचावर धारण बसली होती, चौसष्ट वर्षांची बाई मी. आणि आई हसायला लागली. मी तिला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "राहू दे गं. बावीस वर्षं मी या कार्पेटची मोलकरीण होते. आज नोकरी सुटली." मग म्हणाली, "अजून एक कप दे." पहिल्याच वेळी मागितला, बरं का. न विचारता. त्यानंतर रोज आम्ही दोघी तिथेच बसून कॉफी प्यायचो. आयुष्यात आईशी मी इतकं बोलले नव्हते जितकं त्या दीड महिन्यात बोलले.

म्हणून तू धुवायला सांगितलंस तेव्हा मी धुतला, आणि तो परत आला तेव्हा मला वाईट वाटलं नाही.

असो. मुलं भली आहेत. मेपलची जमीनही सुरेख दिसेल.

मी बरी आहे.

आर्डिस


मेसा
१२ सप्टेंबर

आर्डिस,

तुझे कागद आले त्याला बरेच दिवस झाले. माझ्या सहीची जागा अजून कोरी आहे. का, ते सांगतो.

इथे मिनेसोटाकरांचं एक मंडळ आहे. बाहेर उन्हात डोक्यावर अंडं शिजेल, म्हणून सगळे गारेगार हॉलमध्ये जमतात आणि बर्फाच्या आठवणी काढतात. डार्लीन म्हणाली जाऊन ये, तू हल्ली खड्ड्याकडे बघून उसासे टाकतोस. गेलो. एका म्हाताऱ्या बाईने ताट पुढे केलं, लिंबाचे केक. मी म्हटलं, "हो, घेतो," आणि घेतला. बाईचा चेहरा असा झाला, जणू मी तिच्या पर्समध्ये हात घातला! शेजारी आपल्याकडच्या फर्गस फॉल्सचा एक गृहस्थ होता. त्याला तिने विचारलं. "नको नको." पुन्हा विचारलं. "नको हो, उगाच कशाला." आणि बाई ताट घेऊन चालती झाली, दुसरीकडून कोणीतरी हाक मारली म्हणून. आर्डिस, त्या माणसाचा चेहरा. तो त्या ताटाकडे बघत राहिला, ताट हॉलच्या त्या टोकाला जाईपर्यंत. तोंडाने म्हणाला, "तसा मी जेवूनच आलोय."

मला तो चेहरा ओळखीचा वाटला. कुठे पाहिला ते घरी येताना गाडीत आठवलं. चर्चच्या तळघरात, फेब्रुवारीत, आईच्या दफनानंतर. तुझा. मी दुसऱ्यांदा विचारून उठलो होतो, कारण कोणीतरी हाक मारली होती.

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि तिथेच बसलो. बासष्ट वर्षांचा माणूस, रडलो, सांगायला लाज कसली. मी स्वतःला सुटलो म्हणवतो, आणि सुटलो म्हणजे काय, तर सख्ख्या बहिणीला फक्त दोनदा विचारलं आणि तिच्या अंगाखालचं घर विकायला काढलं. आणि तू बिचारी बीट सांडत बसलीस! एक शब्द लिहिला असतास तर? पण नसतास लिहिला. मीही नसता.

डार्लीनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही लोक वेडे आहात," आणि मग म्हणाली, "मग अजून विचारत का नाहीस, गाढवा?"

तर विचारतो. आर्डिस, घर तुला ठेवायचंय का? माझ्या निम्म्याची फिकीर करू नकोस, ते आपल्यापैकी जो मागे उरेल तो बघेल. हे तिसऱ्यांदा आहे. मी मोजलंय.

ड्वेन


एल्क प्रेअरी
२१ सप्टेंबर

प्रिय ड्वेन,

बरं. तू इतका आग्रहच करतोयस, तर.

पुढचं वाक्य लिहायला मला पूर्ण सकाळ लागली. मला घर हवं होतं. पहिल्या दिवसापासून हवं होतं. झालं, लिहिलं. आता पुन्हा नाही लिहिणार.

तुझं पत्र मी दारातच वाचलं. समोरून एल्व्हेराने मला पायरीवर बसलेलं पाहिलं आणि काही वाईट बातमी आहे समजून हॉटडिश घेऊन धावत आली. चांगली बातमी आहे म्हटल्यावर परत न्यायला लागली, मी तीनदा 'नेऊ नकोस' म्हटलं तेव्हा ठेवून गेली.

हाल्वर्सन मुलांना मी स्वतः फोन केला. हिरमुसली. म्हणून गावाबाहेरचं पीटरसनांचं जुनं घर दाखवलं, तिथे कार्पेटखाली ओक आहे आणि वरती डागही भरपूर. टिफनीला राग आला, पण तिला मी कॉफीला बोलावलं. पहिल्या खेपेला ती 'नको' म्हणाली! मुलगी शिकते आहे.

कार्पेट धुतलं. सबंध. हॉटडिशचा डाग एका फेरीत निघाला, बीटचं नावही नाही. आता बरण्या स्वयंपाकघरातच उघडते, पुढच्या खोलीतही उजेड काही विशेष नव्हताच. खिडकीपाशी मात्र मी यंत्र नेलं नाही. झुलती खुर्ची तिथेच ठेवली आहे, आणि मंगळवारी तिच्यात कोण बसणार यावरून मंडळात दोन तट पडले आहेत.

डार्लीनच्या तलावाबद्दल वाईट वाटतं. तिला सांग, खड्ड्यात बटाटे चांगले टिकतात.

नाताळला तुम्ही दोघं इकडे या. पुढच्या खोलीत झोपायची सोय करते. तू नको म्हणशील, म्हणून आणखी दोन पत्रं लिहून तयार ठेवली आहेत.

आर्डिस


मेसा
३० सप्टेंबर

प्रिय आर्डिस,

छे छे, एवढ्या लांबून आम्ही येऊन तुला कशाला उगाच त्रास.

तुझा,
ड्वेन

ता. क. डार्लीन विचारते, उरलेली दोन पत्रं एकाच पाकिटात घालून पाठवशील का? तिला विमानाची तिकिटं काढायची आहेत, आणि या खेपेला ती उपाशी झोपणार नाही म्हणते.